आईला काठावर न बसवणारा गाईड

वयस्कर माणसाला घेऊन असल्या सहलीला गेलं की काय होतं, हे मी पुष्कळदा पाहिलंय. सगळे त्यांच्याशी फार गोड बोलतात, सावली बघून खुर्ची उघडून देतात, "तुम्ही आरामात बसा" म्हणतात आणि मग दिवसभर कुणी तिकडे फिरकत नाही. माझी आई ६९ वर्षांची आहे. फ्लाय फिशिंगची ही एक दिवसाची सहल गाईडसह बुक करताना माझ्याही डोक्यात तेच होतं. मी पाण्यात उतरेन, आई काठावरून बघेल, मधूनमधून मी येऊन गप्पा मारीन. प्रत्यक्षात त्या दिवशी आई माझ्यापेक्षा जास्त वेळ पाण्यात होती. हे ज्या गाईडमुळे झालं त्याच्याबद्दल नीट लिहायला हवं, असं परत आल्यापासून वाटतंय.

आधी थोडं या प्रकाराबद्दल, कारण जाण्यापूर्वी मलाही ठाऊक नव्हतं. साध्या गळाला शिशाचं वजन असतं, ते भिरकावलं की दोरी त्याच्यामागून जाते. इथे उलटं. गळावर पिसं, लोकर, दोरा गुंडाळून केलेला खोटा किडा असतो आणि त्याला वजन जवळजवळ नसतंच. वजन असतं लाइनला. ती जाडसर, गुळगुळीत लाइन हवेत मागेपुढे झुलवायची आणि तिच्या जोरावर तो किडा पाण्यावर नेऊन ठेवायचा. लाइनच्या टोकाला निमुळता होत जाणारा लीडर, त्याच्यापुढे टिपेट नावाचा केसासारखा दोरा, आणि त्याला फ्लाय. आईने पहिल्याच मिनिटाला 'फ्लाय'ची 'माशी' करून टाकली. दिवसभर आम्ही दोघी माशीच म्हणत होतो, तर इथेही तेच म्हणते.

सकाळी पहिला अर्धा तास गाईडने आम्हाला पाण्याजवळ नेलंच नाही. गवतावर उभं केलं, दोघींच्या हातात नऊ फुटी, पाच नंबरचा रॉड दिला (नंबर लाइनच्या वजनाचा) आणि टोकाला माशीऐवजी लोकरीचा पुंजका बांधला. रॉड उचलायचा, झटकन थांबवायचा, पाठीमागे लाइन सरळ होईपर्यंत वाट बघायची, मग पुढे. यातलं वाट बघणं सगळ्यात अवघड. मागे काय चाललंय ते दिसत नाही, हात घाई करतो आणि लाइन पायाशी येऊन गोळा होते. माझं मनगट सारखं वाकत होतं, म्हणून त्याने रॉडचं मागचं टोक माझ्या बाहीत खोचलं. मनगट वाकलं की बाही ओढली जायची आणि माझं मलाच कळायचं. चार वेळा बोलून जे झालं नसतं ते या एका युक्तीने झालं.

आईकडे मात्र तो वेगळ्या नजरेने बघत होता. पाचव्या-सहाव्या वेळी त्याने रॉड तिच्या हातातून अलगद घेतला आणि विचारलं, "हात किती वर जातो? दुखायला लागेल तिथे थांबा." दोन वर्षांपूर्वी आईचा उजवा खांदा आखडला होता. व्यायामाने बराच सुटला, पण हात अजून कानाच्या वर जात नाही. बुकिंग करताना मी हे सांगितलंच नव्हतं, कारण ती रॉड धरेल असं मी गृहीतच धरलं नव्हतं. मला वाटलं आता खुर्ची येणार. तो गाडीकडे गेला आणि दुसराच रॉड घेऊन आला.

हा टेनकारा रॉड. जपानच्या डोंगरी ओढ्यांवरची ही जुनी पद्धत. याला रील, म्हणजे दोरी गुंडाळायची चकरी, नसते. एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा दांडा, उघडला की बारा फूट, आणि वजन शंभर ग्रॅमच्याही आत. ठरलेल्या लांबीची लाइन थेट टोकाला बांधलेली. लांब टाकता येत नाही हे खरं, पण जवळच्या पाण्यातले मासे धरायचे तर लांब टाकायची गरजच पडत नाही. आईला फक्त कोपरापासून पुढचा हात हलवायचा होता. पंधरा मिनिटांत तिच्या लाइनीचा पुंजका त्याने गवतावर ठेवलेल्या टोपीत पडायला लागला. माझा अजून टोपीच्या आसपास कुठेतरी पडत होता.

मग पाण्याकडे. तिथेही लगेच गळ नाही. त्याने थर्मामीटर बुडवला आणि १२ अंश दाखवून सांगितलं की पाणी २० अंशांच्या वर गेलं तर तो सहल थांबवतो. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो आणि झुंज देऊन दमलेला ट्राउट मासा सोडल्यावरही मरू शकतो. अशा दिवशी बुकिंग रद्द होतं हे आयोजकांच्या अटींतही लिहिलेलं आहे. कुणाची गैरसोय होत असेल, पण मला ही अट वाचूनच त्यांच्याबद्दल विश्वास वाटला होता.

त्यानंतर त्याने गुडघाभर पाण्यातला एक दगड उचलून उलटा केला. आता जे सांगणार आहे, तेवढ्या एका गोष्टीसाठीही मी ही सहल पुन्हा करीन. दगडाच्या ओल्या पाठीवर चपटे, तपकिरी किडे तुरुतुरु पळत होते, तीन शेपट्यांचे. ही मेफ्लाय नावाच्या कीटकाची पिल्लं. महिनोन्महिने पाण्याखाली काढतात, मग वर येऊन पंख फुटतात, पंख फुटल्यावर पुन्हा एकदा कात टाकतात (असं करणारे कीटक दुसरे कुठलेच नाहीत), आणि नंतर काही तास किंवा जेमतेम एखाद-दोन दिवस जगतात. त्या काळात खातसुद्धा नाहीत. आईने हे ऐकलं, पण तिचं लक्ष दगडाच्या कडेला चिकटलेल्या एका नळकांड्याकडे होतं. तांदळाच्या दाण्याहून थोडं मोठं. तिने चष्मा कपाळावर सरकवला आणि दगड नाकाजवळ नेला. नळकांडं वाळूच्या कणांचं होतं. एकेक कण दुसऱ्याला असा लागून बसवलेला की मध्ये फट नाही, मोठे कण बाहेरच्या बाजूला, आणि एका टोकातून इवलंसं काळं डोकं आत-बाहेर होत होतं.

"हे शिवलंय गं हिने," आई म्हणाली.

गाईडने सांगितलं की अगदी तसंच आहे. कॅडिस नावाच्या कीटकाची ही अळी तोंडातून रेशीम काढते आणि त्याने वाळूचे कण जोडून स्वतःचं घर करते. फुलपाखरं आणि पतंग हे कॅडिसचे सगळ्यात जवळचे नातेवाईक, म्हणजे रेशमाच्या किड्याशीही तिचं नातं लागतंच. आईने आयुष्यभर शिवणकाम केलंय, त्यावर आमची शिक्षणं झाली. ती त्या दगडाकडे किती वेळ बघत होती ते सांगता येणार नाही. गाईडने घाई केली नाही. नंतर त्याने दगड होता तसाच, त्याच बाजूने, त्याच खळग्यात ठेवला.

गाठी बांधायच्या वेळी आईने आम्हा दोघांना बाजूला केलं. टिपेट पाच एक्स जाडीचा होता. ही जाडी काढायची पद्धत अशी, की ११ मधून एक्सचा आकडा वजा करायचा, उरेल ते इंचाचे हजारावे भाग. म्हणजे सहा, मिलिमीटरमध्ये ०.१५. तो दोरा माशीच्या डोळ्यातून, म्हणजे गळाच्या टोकाच्या भोकातून, ओवायचा, स्वतःभोवती पाच वेढे द्यायचे, टोक पहिल्या फासातून काढायचं, थुंकीने ओलं करायचं आणि मग आवळायचं. कोरडं आवळलं तर घर्षणाने नायलॉन तापतो आणि नेमका गाठीपाशी कमजोर होतो. माझी पहिली गाठ हातातच सुटली. आईने दोऱ्याचं टोक ओठात धरून सरळ केलं, दोन बोटांत डोळा धरला आणि एका झटक्यात ओवला. गळाचे नंबर कसे असतात हे गाईड सांगायला लागला, की १४ पेक्षा १६ लहान, तर ती म्हणाली, "सुयांसारखंच." हातशिलाईच्या सुयांतही नंबर वाढेल तशी सुई बारीक होते. दुपारनंतर माझ्याही माश्या तीच बांधत होती.

पाण्यात चालायला शिकवताना तो फार काटेकोर होता आणि हे मी मुद्दाम लिहितेय. वेडर्सच्या, म्हणजे पाण्यात उतरायच्या छातीपर्यंतच्या जलरोधक विजारीच्या, कमरेचा पट्टा घट्ट आवळल्याशिवाय त्याने एक पाऊल टाकू दिलं नाही. पडलं तर आत पाणी भरू नये म्हणून. काठी प्रवाहाच्या वरच्या बाजूला टेकायची. पाय उचलायचा नाही, सरकवायचा. एक पाऊल रोवल्याशिवाय दुसरं हलवायचं नाही. वाहून गेलंच तर पाठीवर तरंगायचं, पाय प्रवाहाच्या दिशेने पुढे. आईला त्याने गुडघ्याच्या वर पाण्यात नेलं नाही आणि ती पाण्यात असताना प्रवाहाच्या खालच्या बाजूला, तिच्यापासून एका हाताच्या अंतरावर उभा राहिला. धरलं नाही. तिने मागितला तेव्हाच हात दिला.

बूट रबरी तळव्याचे होते आणि शेवाळावर घसरत होते. नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, तळव्यांची पकड चांगली असते असं मी वाचलं होतं, तसं विचारलं. तर म्हणाला, नमदा लवकर वाळत नाही, त्यातल्या ओलीतून एका नदीतलं शेवाळ दुसऱ्या नदीत जातं. न्यूझीलंडने २००८ मध्येच असे बूट बंद केले. संध्याकाळी त्याने सगळे बूट ब्रशने घासून धुतले ते मी पाहिलं.

सकाळभर मासा लागला नाही. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो. जोरातली धार आणि संथ पाणी जिथे एकमेकांना घासतं त्या रेषेवर, संथ बाजूला थांबायचं आणि धारेतून वाहत येणारं टिपायचं, हे त्याचं काम. माशी त्या रेषेवरून अशी जायला हवी की तिला दोरा बांधलाय हे पाण्यालाही कळू नये. लाइनीला मधल्या धारेने जरा ओढलं की माशी पाण्यावर रेघ काढत पळते आणि मासा तोंड फिरवतो. मला माझी लाइन सारखी उचलून वरच्या बाजूला वळवावी लागत होती. आईला बारा फुटी रॉड उंच धरून जवळजवळ सगळी लाइन पाण्याबाहेर ठेवता येत होती, त्यामुळे तिची माशी पानासारखी वाहायची.

याच वेळात माझ्याकडून एक चूक झाली. वारा सुटला होता, मी मागे न बघता लाइन मागे घेतली आणि गळ आईच्या जॅकेटच्या खांद्यात रुतला. चेहऱ्यापासून वीतभर. गळांचे उलटे काटे आधीच चिमट्याने दाबून सपाट केलेले होते, त्यामुळे तो सहज निघाला, आणि डोळ्यांवर चष्मे होते. ते चष्मे त्याने रॉड हातात असताना एकदाही काढू दिले नव्हते. तरी माझे हात थरथरत होते. गाईडने सरळ सांगितलं की दोघींना इतकं जवळ उभं करणं ही त्याची चूक. त्यानंतर आमच्यात त्याने कायम दोन रॉडांचं अंतर ठेवलं. दोघांना मिळून एक गाईड घेत असाल तर हे अंतर पहिल्यापासून मागून घ्या.

दुपारच्या विश्रांतीत त्याने घडीच्या टेबलाला गळ पकडून ठेवणारा छोटा शिकंजा लावला आणि आईला माशी बांधायला शिकवलं. हे सहलीच्या माहितीत नव्हतं. तिची गाठ बघून त्याने ठरवलं असावं. फेझंट टेल नावाची माशी, दोनच वस्तू लागणारी: फेझंट पक्ष्याच्या शेपटीच्या पिसाचे तंतू आणि तांब्याची बारीक तार. इंग्लंडमधल्या एव्हन नदीची देखरेख करणाऱ्या फ्रँक सॉयरने ही काढली. त्याने दोरा वापरलाच नाही, तारेनेच गुंडाळलं, त्यामुळे रंगही आला आणि बुडायला वजनही. आईला हे फार आवडलं. "दोऱ्याचं काम तारेकडून," असं दोनदा म्हणाली. तिचे हात चालू असताना तो सांगत होता की ही कला किती जुनी: सुमारे १८०० वर्षांपूर्वी एका रोमन लेखकाने मॅसिडोनियातल्या लोकांबद्दल लिहून ठेवलंय, की ते गळाभोवती तांबडी लोकर गुंडाळायचे आणि त्यावर कोंबड्याची मेणाच्या रंगाची दोन पिसं लावायचे. आईने तीन माश्या बांधल्या. पहिली फुगीर झाली, ती तिने स्वतःच उसवली आणि पुन्हा बांधली.

त्यातलीच एक माशी घेऊन ती दुपारी पाण्यात उतरली. एका मोठ्या दगडाच्या मागे, हातभर रुंदीच्या संथ पट्ट्यात. अकराव्या-बाराव्या वेळी लाइन वाहता वाहता क्षणभर थबकली. गाईड बोलायच्या आतच आईने मनगट उचललं. नंतर मी विचारलं कसं कळलं, तर म्हणाली, मशीनवर दोरा अडकतो तेव्हा असंच होतं. रील नसल्यामुळे दोरा सोडता येत नाही. रॉड वाकवत माशाला संथ पाण्याकडे वळवायचं एवढंच हातात असतं. तो तिला शब्दाने सांगत होता, रॉडला हात लावत नव्हता. मिनिटभरात मासा जाळीत आला. ब्राउन ट्राउट, वितीहून थोडा मोठा, पिवळट अंगावर काळे ठिपके आणि मधेमधे तांबडे, प्रत्येक तांबड्या ठिपक्याभोवती फिकट कडं. त्याने आईला हात पाण्यात भिजवायला सांगितले, कारण कोरड्या हाताने माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तोच त्याचा रोगांपासून बचाव. फोटोसाठी उचलायचा का असं विचारलं. आई म्हणाली, नको, त्याला पाण्यातच राहू दे. तिने तळहात खाली धरला, तोंड प्रवाहाकडे केलं. तो थोडा वेळ तसाच कल्ले हलवत राहिला आणि मग निघून गेला. आई ओल्या हातांकडे बघत उभी होती.

मला दोन लहान ट्राउट मिळाले, एक सुटला. त्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही.

आता जे खटकलं ते. बुकिंगच्या फॉर्ममध्ये उंची आणि बुटाचा नंबर एवढंच विचारतात. खांदा, गुडघे, तोल, पोहता येतं का, रक्तदाबाच्या गोळ्या, काहीच नाही. गाईड चांगला होता म्हणून निभावलं. टेनकारा रॉड त्या दिवशी गाडीत नसता तर? तुम्ही स्वतः फोन करून हे सगळं सांगा. दुसरं, आईच्या मापाचे वेडर्स नव्हते. लांबीला मोठे, गुडघ्यामागे चुण्या पडत होत्या आणि तिथे दुपारपर्यंत तिची कातडी लाल झाली. तिसरं बायकांसाठी महत्त्वाचं: नदीवर स्वच्छतागृहाची सोय नाही आणि हे कुणी आधी सांगत नाही. छातीपर्यंतचे वेडर्स उतरवणं ही सोपी गोष्ट नाही. आई त्यामुळे पाणीच कमी पीत होती, मला ते उशिरा लक्षात आलं. गाईडला सांगितल्यावर त्याने लगेच आडोसा दाखवला आणि स्वतः पंधरा मिनिटं दूर निघून गेला, पण हे सकाळीच व्हायला हवं होतं. आणि चौथं, शेवटच्या दोन तासांत त्याने आम्हाला वरच्या डोहावर नेलं. वाट चढाची होती, आईचे गुडघे बोलायला लागले. तिथे न जाता खालीच थांबलो असतो तर बरं झालं असतं. आठ तास संपले तेव्हा नेमके पाण्यावर किडे उडायला लागले होते आणि डोहात मासे वर येऊन गोल गोल वर्तुळं काढत होते. आई वळून वळून बघत होती. ऋतू बघून उशिरा सुरू होणारी, संध्याकाळपर्यंत चालणारी वेळ मिळते का, हे विचारून घ्या. आम्ही विचारलं नव्हतं.

तरी पाचपैकी पाच देतेय. कमी पडलं ते व्यवस्थेत, गाईडमध्ये नाही. वयस्कर माणसाला शिकवायचं म्हणजे आवाज मोठा करून सावकाश बोलायचं असं त्याने एकदाही केलं नाही. प्रश्न आईला असेल तर तो माझ्याकडे बघून विचारला नाही.

आईच्या तीन माश्यांपैकी एक दगडात अडकून तुटली. एक, जिच्यावर मासा आला ती, तिने गाईडला दिली. त्याने ती टोपीला लावली. तिसरी तिच्या सुयांच्या डबीत आहे. परवा फोनवर सांगत होती की तार जरा जाड वाटतेय, आणि पुढच्या वेळी गळ १४ ऐवजी १६ नंबरचा घ्यायचा का, ते त्याला विचारून ठेव.